थर्मामीटर कुठे बुडवायचा?



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्या सरांनी मी आठवीत असताना मला एक काम लावून दिलं होतं. रोज सकाळी सात वाजता बंदरावर जायचं, दोरीला बांधलेली बादली पाण्यात सोडायची, भरून वर ओढायची, सावलीत ठेवायची आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर तिच्यात दोन मिनिटं धरायचा. आकडा वाचताना फुगा पाण्यातच राहिला पाहिजे, हा सरांचा दंडक. बाहेर काढून वाचला की वाऱ्याने पारा उतरतो. एखाद्याने तसं केलं तर सर ते नुसती वही बघून ओळखायचे. कसं, ते मला फार पुढे कळलं. त्या दिवसाचा आकडा मागच्या-पुढच्या दिवसांपेक्षा दोन अंशांनी खाली गेलेला दिसे, आणि समुद्र एका रात्रीत दोन अंशांनी थंड होऊन परत तापत नाही.

ती वही आज माझ्यासमोर आहे. लाल कापडी बांधणीची, कडा वाळवीने थोड्या खाल्लेल्या. रकाने पाचच: तारीख, वेळ, भरती की ओहोटी, तापमान, शेरा. जानेवारीत २३, मे महिन्यात ३१. शेऱ्यात कुणीतरी लिहिलंय, ‘पाणी गढूळ’, कुणी ‘बोंबील उदंड’. पुढे तीस वर्षं मी खाडीतल्या जिवांचा अभ्यास करण्यात घालवली, महागडी उपकरणं वापरली. पण माझ्या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न या पाच रकान्यांत आधीच होता. तो असा: थर्मामीटर कुठे बुडवायचा, कधी बुडवायचा, आणि आलेला आकडा कशाशी ताडून बघायचा?

आजचा विषय वीजकेंद्रं सोडतात त्या गरम पाण्याचा. प्रदूषण म्हटलं की फेस, रंग, दुर्गंधी डोळ्यांसमोर येते. गरम पाण्याला यातलं काहीच नसतं. ते आत गेलं तसंच स्वच्छ बाहेर येतं. म्हणूनच ते प्रदूषण आहे हे लोकांना पटवायला वेळ लागतो. कायद्याला मात्र ते फार पूर्वी पटलं आहे. अमेरिकेच्या १९७२ च्या जलकायद्यात प्रदूषकांच्या यादीत ‘उष्णता’ हा शब्द सरळ लिहिलेला आहे. आपल्या १९७४ च्या जल कायद्यातही पाण्याच्या भौतिक गुणधर्मांत केलेला घातक बदल हे प्रदूषणच ठरतं.

हे पाणी येतं कुठून ते थोडक्यात सांगते. कोळसा जाळा की अणू फोडा, वीजकेंद्रात शेवटी वाफ करून टर्बाईन फिरवायचं असतं. फिरवून झालेली वाफ पुन्हा पाण्यात बदलायला कंडेन्सर लागतो, आणि कंडेन्सरच्या नळ्यांतून सतत थंड पाणी खेळवावं लागतं. अणुवीजकेंद्रात निर्माण झालेल्या उष्णतेच्या एक तृतीयांशाचीच वीज होते; उरलेली दोन तृतीयांश उष्णता हे पाणी घेऊन जातं. एक हजार मेगावॅटचं केंद्र धरा. कंडेन्सरमधून जाताना पाणी दहा अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर सेकंदाला सुमारे ४८ हजार लिटर पाणी लागतं. दुष्काळी गावाला येणारा दहा हजार लिटरचा टँकर आठवा. तसे जवळजवळ पाच टँकर, दर सेकंदाला, रात्रंदिवस. हे पाणी समुद्रातून किंवा नदीतून उचलायचं, एकदा फिरवायचं आणि तापलेलं परत सोडायचं, ही सगळ्यात स्वस्त पद्धत. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून अशाच अरबी समुद्राच्या पाण्यावर थंड होत आल्या.

आता पाण्याखालच्या जिवाकडे बघू. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं, तेवढं त्याचं अंग. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीराचा व्यापार ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालू लागतो आणि प्राणवायूची गरजही तशीच वाढते. आणि नेमकं त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, ३५ ला सातच्या आसपास. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. म्हणजे खाणारी तोंडं वाढली आणि शिधा आटला.

‘आपल्याकडचे मासे उष्ण पाण्यालाच सरावलेले, त्यांना काय होतंय?’ असं मला अनेक बैठकांत ऐकवलं गेलं आहे. हा समज मुळातून चुकीचा आहे. उष्ण प्रदेशातले जीव आपल्या सोसण्याच्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ जगतात. थंड प्रदेशातल्या कित्येक माशांना वर सरकायला जागा असते, आपल्याकडच्यांचं डोकं आधीच छताला टेकलेलं असतं. प्रवाळ तर नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एकच अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं तरी पांढरं पडू लागतं. आणि प्रवाळ काही फक्त लक्षद्वीपला नाही, आपल्या मालवणलाही आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. केंद्राचं नाव सांगणार नाही. तिथली माणसं खोटारडी नव्हती, आणि माझं गाऱ्हाणं माणसांविषयी नाहीच. किनाऱ्यावरच्या एका वीजकेंद्राच्या पाण्याची तपासणी आमच्या पथकाकडे आली होती. नोंदवही चोख होती. सोडलेल्या पाण्याने समुद्राचं तापमान तीन-चार अंशांनी वाढतं, मर्यादेच्या आत, असं महिनोन्महिने लिहिलेलं. मापन जेट्टीवरून, सकाळी दहाच्या सुमारास. जेट्टीवर सुकट पाखडत बसलेल्या एका म्हाताऱ्या नाखव्याने माझ्या हातातलं उपकरण बघितलं आणि म्हणाला, “बाय, हा आकडा भरतीचा हाय. सुकतीला ये, मंग दाखवतो.”

दोन दिवसांनी उधाणाच्या ओहोटीला मी त्याच्या होडीत बसले. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं, गरम पाण्याला पातळ करतं, वर ढकलतं. ओहोटीला मात्र खाडीच्या मुखाशी गुडघाभर पाणी उरतं आणि केंद्राच्या आउटफॉलचं, म्हणजे गरम पाणी सोडायच्या तोंडाचं, पाणी त्याच चिंचोळ्या पट्ट्यातून बाहेर पडतं. बाहेरच्या पाण्याचं तापमान साडेतीस होतं. आउटफॉलच्या पट्ट्यात माझ्या उपकरणाने ३७ दाखवलं. नाखव्याने मात्र उपकरणाकडे बघितलंही नाही. होडीच्या कडेवरून हात पाण्यात सोडून बसला होता तो, एका जागी त्याने हात झटकन वर घेतला आणि म्हणाला, “ही शीव.” त्याने दाखवलेल्या जागेपासून चार हातांवर खडकाचा रंगच बदलला होता. अलीकडे कालवांचे थर, बार्नेकलचे पांढरे काटे, फटीत चिंबोरीची पिल्लं. पलीकडे खडक उघडा, त्यावर शेवाळाची बुळबुळीत काळसर साय, आणि रिकाम्या कालवांचे खालचे शिंपले दगडाला तसेच चिकटलेले. वर्षभराचं तापमान त्या दगडाने नोंदवून ठेवलं होतं. आमच्या कागदांवर ते कुठेच नव्हतं.

मी अहवालात दोन्ही मापनं लिहिली. छापून आलेल्या अहवालात जेट्टीची सरासरी राहिली, कारण नियमाने ठरवलेली जागा जेट्टी होती.

आपला नियम नेमकं काय म्हणतो? पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९८ साली औष्णिक केंद्रांच्या गरम पाण्यासाठी मानकं आली. १ जून १९९९ नंतर सुरू होणाऱ्या आणि नदी, तलाव किंवा धरणाचं पाणी वापरणाऱ्या प्रत्येक नव्या केंद्राला कूलिंग टॉवर, म्हणजे तापलेलं पाणी हवेत थंड करून पुन्हा वापरणारा मनोरा, सक्तीचा झाला. समुद्राचं पाणी वापरणाऱ्या नव्या केंद्रांना मुभा मिळाली, पण ज्या पाण्यात सोडायचं त्याचं तापमान मूळ तापमानापेक्षा ७ अंशांहून जास्त वाढता कामा नये. जुन्या केंद्रांसाठी कंडेन्सरच्या आत-बाहेरच्या तापमानातला फरक १० अंशांपर्यंत. त्याच नियमांत एक वाक्य आहे, जे मी माझ्या विद्यार्थ्यांकडून पाठ करून घ्यायची: खाडीच्या मुखात, खारफुटी, प्रवाळ किंवा माशांच्या विणीच्या जागांजवळ गरम पाणी सोडण्यास परवानगी देऊ नये. इतकं स्वच्छ वाक्य आपल्या पर्यावरणीय नियमांत क्वचितच सापडतं. ते लिहिणाऱ्यांना समुद्र ठाऊक होता.

पण आकड्यापाशी गोष्ट घसरते. सात अंश कशापेक्षा जास्त? मूळ तापमानापेक्षा. मूळ तापमान म्हणजे कुठलं? सरांच्या वहीसारखी वही कुठे आहे? केंद्र उभं राहण्याआधीची दहा वर्षांची नोंद बहुतेक ठिकाणी नसतेच, मग केंद्र चालू असताना थोडं लांब जाऊन घेतलेलं तापमान ‘मूळ’ ठरतं, आणि त्या लांबच्या पाण्यातही केंद्राची ऊब मिसळलेली असू शकते. दुसरं, हा नियम फक्त फरक मोजतो. जानेवारीत २३ अधिक ७ म्हणजे ३०, कालवं तगतील. मे महिन्यात ३१ अधिक ७ म्हणजे ३८. दोन्ही आकडे नियमात बसतात. छत कुठेच नाही. स्वित्झर्लंडच्या नियमात दोन्ही आहे: नदीचं तापमान ३ अंशांहून जास्त वाढवायचं नाही, ट्राउट माशांच्या पट्ट्यात दीडच, आणि २५ अंशांच्या वर न्यायचं नाही. म्हणून आरं नदीवरच्या बेझ्नाउ केंद्राला कडक उन्हाळ्यात वीज कमी करावी लागते, कधी भट्ट्या बंद ठेवाव्या लागतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि मला आज मुख्यतः तीच सांगायची आहे. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राला सांगितलं की दहाऐवजी पाचच अंश तापवा, तर सोपा उपाय कोणता? दुप्पट पाणी उचला. सेकंदाला पाच टँकरांऐवजी दहा. थर्मामीटर खूश, नियम खूश. समुद्रात गेलेली उष्णता मात्र तेवढीच. आणि उचललेल्या पाण्यात माशांची अंडी, कोळंबीची पिल्लं, कालवांचे डोळ्यांना न दिसणारे डिंभ असतात. मोठे मासे इनटेकच्या जाळीवर आदळतात. हे बारके जाळीतून आत जातात, पंपात आपटतात, कंडेन्सरमध्ये भाजतात, वर नळ्यांत शिंपले धरू नयेत म्हणून टाकलेलं क्लोरीन सोसतात. पाणी दुप्पट उचललं की हे बळीही दुपटीने वाढतात. अंश कमी करण्याच्या नादात आपण जास्त जीव मारू शकतो.

हे ओळखून नियमन केल्याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचं आहे. मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड या दोन राज्यांच्या मध्ये माउंट होप बे नावाचा उथळ उपसागर आहे. त्याच्या काठी ब्रेटन पॉइंट हे कोळशाचं वीजकेंद्र १९६३ पासून होतं, न्यू इंग्लंडमधलं सर्वांत मोठं. १९८४ मध्ये त्याच्या चौथ्या संचाची तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून वापरायची व्यवस्था बदलली आणि तोही उपसागराचं पाणी एकदाच वापरून सोडू लागला. पुढच्या वर्षापासून तिथले मासे कोसळले. ऱ्होड आयलंडच्या मत्स्यविभागातले जीवशास्त्रज्ञ मार्क गिब्सन यांनी १९९६ मध्ये आकडे मांडून दाखवले: माशांची संख्या ८७ टक्क्यांनी घटली होती. केंद्र रोज जवळजवळ १०० कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ३८० कोटी लिटर पाणी उचलत होतं.

त्यातला मुख्य मासा विंटर फ्लाउंडर, आपल्या लेपीसारखा चपटा, तळाशी पडून राहणारा. तो ऐन थंडीत, जिथे जन्मला त्याच खाडीत येऊन तळाला चिकटणारी अंडी घालतो. थंड पाण्यातच का? कारण कडाक्याच्या थंडीत तिथली वाळूतली कोळंबी सुस्त पडलेली असते. फ्लाउंडरची पिल्लं तेवढ्या काळात वाढून घेतात. हिवाळ्याचं पाणी थोडं कोमट झालं की कोळंबी लवकर जागी होते आणि पिल्लं खाऊ लागते. एकही मासा भाजून मेलेला नाही, एकही पोट वर करून तरंगला नाही, आणि तरी पुढची पिढी संपते. ‘मेलेले मासे दाखवा’ म्हणणाऱ्यांना हे कसं दाखवायचं? विज्ञानाने इथे पिढ्या मोजल्या, प्रेतं नाहीत.

अमेरिकेच्या त्या १९७२ च्या जलकायद्याचं ३१६ वं कलम इथे उपयोगी पडलं. त्यानुसार गरम पाण्याची सवलत हवी असेल तर सिद्ध करण्याचा भार सवलत मागणाऱ्यावर असतो: माझ्या पाण्याने इथल्या मूळच्या मासे-शिंपल्यांचा समतोल बिघडत नाही हे त्यानेच दाखवायचं. ब्रेटन पॉइंटला ते दाखवता आलं नाही. २००३ मध्ये दिलेल्या परवान्यात पर्यावरण संरक्षण संस्थेने फक्त अंशांची मर्यादा घातली नाही. वर्षाला एकूण किती उष्णता उपसागरात जाईल याचीच मर्यादा घातली, आणि ती आधीपेक्षा सुमारे ९६ टक्क्यांनी खाली आणली. उचलायचं पाणीही ९४ टक्क्यांनी कमी. अपिलं झाली, मालक बदलले, अखेर २००७ मध्ये कंपनीने विरोध सोडला आणि पाचशे फूट उंचीच्या आसपासचे दोन कूलिंग टॉवर उभे केले. केंद्र २०१७ मध्ये बंद पडलं, २०१९ च्या एप्रिलमध्ये ते टॉवर सुरुंग लावून पाडले.

फ्लाउंडर परत आला का? मोठ्या प्रमाणात नाही. दक्षिण न्यू इंग्लंडमधला त्याचा साठा आजही क्षीणच आहे, कारण दरम्यान समुद्रच तापत गेला. गिब्सन यांच्या आकड्यांनंतर कागद हलायला सात वर्षं गेली, टॉवर उभे राहायला पंधरा. उशीर किती महाग पडतो याचा विचार करताना मला हा मासा नेहमी आठवतो.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मी प्रामाणिकपणे सांगायला हवं. आउटफॉलपाशी हिवाळ्यात मासे जमतात हे खरं आहे. आपल्याकडेही पोरं तिथे बोय मारायला गळ टाकून बसतात. फ्लोरिडात तर मॅनेटी नावाच्या समुद्रगायी थंडीत वीजकेंद्रांच्या उबेवरच तगतात. पण ही ऊब उसनी असते. न्यू जर्सीच्या ऑयस्टर क्रीक केंद्रापाशी जानेवारी १९७२ मध्ये भट्टी बंद पडली, पंप चालूच राहिले, गारठलेलं पाणी एकदम आत आलं आणि उबेला थांबलेले तारलीच्या जातकुळीतले लाखो मेनहेडन मासे मेले. जिवाला मारतो तो बदल, दोन्ही बाजूंनी.

आणि कूलिंग टॉवर म्हणजे फुकटचा उपाय नाही. चंद्रपूर किंवा कोराडीला कंबरेत बारीक असलेले जे प्रचंड मनोरे दिसतात, त्यांतून निघणारा पांढरा लोट धूर नसतो, पाण्याची वाफ असते. टॉवर नदीत उष्णता सोडत नाही, पण पाणी पितो. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने जुन्या केंद्रांनाही टॉवर बांधायला आणि एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटरच्या आत राहायला सांगितलं. पाणी एकदाच फिरवणारं केंद्र तेवढ्याच विजेसाठी शंभर घनमीटरहून अधिक उचलतं, पण त्यातलं बहुतेक परत सोडतं; टॉवरचं पाणी आकाशात जातं. परळीचं केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. मराठवाड्यातल्या धरणासाठी जो नियम योग्य, तो पालघरच्या खाडीसाठी योग्य असेलच असं नाही, आणि म्हणूनच सबंध देशाला एकच मोजपट्टी मला पटत नाही.

सगळ्यात मोठी कसोटी उष्णतेच्या लाटेची. २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या ऱ्होन आणि गारोन नद्या इतक्या तापल्या की काही अणुवीजकेंद्रांना मर्यादेपेक्षा गरम पाणी सोडायची तात्पुरती सूट दिली गेली. विजेची निकड होती हे मला मान्य आहे. पण मासे ज्या आठवड्यात सगळ्यात हतबल असतात, त्याच आठवड्यात नियम सैल होतो. सूट द्यायचीच असेल तर ती आधी, थंड डोक्याने, ‘किती तास, किती उष्णता, नंतर भरपाई काय’ हे लिहून ठरवलेली हवी.

आपल्या किनाऱ्यावर हे का बोलायचं? जैतापूरच्या अणुवीजप्रकल्पाच्या वादात साखरीनाट्याच्या मच्छीमारांनी गरम पाण्याचा प्रश्न विचारला तेव्हा त्यांना अडाणी ठरवणारे खूप होते. तो प्रश्न शास्त्रीय होता. आणि स्थानिक देखरेख जमू शकते याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण झालं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दोन दशकांहून अधिक काळ ते चालवलं, आणि डहाणूच्या वीजकेंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली. धुरासाठी जे झालं ते पाण्यासाठी व्हावं. प्रत्येक केंद्राच्या परवान्यात वर्षाची उष्णता आणि उचलायचं पाणी यांच्या मर्यादा असाव्यात, मे महिन्याचं छत वेगळं असावं, मापनाची जागा आणि वेळ मच्छीमार सोसायटीच्या सहीने ठरावी, त्यात उधाणाच्या ओहोटीचं मापन सक्तीचं असावं. आणि आकडा बंदरावर फळ्यावर लिहिला जावा, जिथे नाखवा त्याला हात लावून तपासू शकेल.

सरांच्या वहीत सात वर्षांच्या नोंदी आहेत. शेवटची नोंद एका मे महिन्यातली आहे, ३०.५, शेऱ्याचा रकाना कोरा. सरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांशी माझं बोलणं झालं आहे; आठवीच्या दोन मुली आणि एक मुलगा तयार आहेत. मी चार थर्मामीटर आणले आहेत, दोरी आणि बादलीही. उद्या ओहोटी सकाळी सातच्या सुमारास आहे. ज्यांना यायचंय त्यांनी बंदराच्या पायऱ्यांशी या, आणि वाचताना फुगा पाण्याबाहेर काढू नका.